चौदावर तेरा

राहिलंताई बाइंडिंगच्या कारखान्यात पहिल्यांदा आली त्या दिवशी पृथ्वी थोडी हलली, असं पट्टीमास्तरांचं आजही म्हणणं आहे. दारातून आधी एक पिशवी आत आली, मग दुसरी पिशवी, मग भर उन्हाळ्यात एक उघडी छत्री, आणि या सगळ्यांच्या मागून धापा टाकत एक चाळिशीची बाई. तिने उंबरठा ओलांडला आणि खळीची बादली लवंडली. बादली सावरायला वळली तर छत्रीच्या टोकाने साडेतीनशे पुठ्ठ्यांची चळत कोसळली. चळत धरायला धावली तर कारखान्यातलं मांजर, जे सहा वर्षांत उन्हाच्या पट्ट्याबरोबर सरकण्यापलीकडे हललं नव्हतं, ते एका उडीत माळ्यावर गेलं आणि दोन दिवस खाली उतरलं नाही. एवढं झाल्यावर तिने कपाळावरचा घाम पुसला आणि मुलाखतीला तासभर उशीर झाल्याबद्दल सगळ्यांची माफी मागितली.

मुलाखत दुसऱ्या दिवशी होती.

तरी मालकीणबाईंनी तिला बसवून घेतलं आणि अर्ज मागितला. अर्ज शोधण्यासाठी तिने पिशवी टेबलावर रिकामी करायला घेतली. टीव्हीचा रिमोट निघाला, मुलीचा एक मोजा निघाला, आणि मग दोन्ही हातांनी उचलून तिने एक इस्त्री बाहेर काढली. विजेची, वायरीसकट. मालकीणबाईंनी इस्त्रीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"घरी चालू राहिली की काय म्हणून दिवसभर जीव टांगणीला लागतो," ती म्हणाली. "बरोबर असली की चिंता नाही."

मालकीणबाई हसल्या. नुसत्या ओठांनी नाही, चष्मा काढून डोळे पुसण्याइतक्या हसल्या. आणि तिथेच, खळीने भरलेली चप्पल हातात धरून उभ्या असलेल्या पट्टीमास्तरांच्या पोटात पहिल्यांदा दुखलं. बावीस वर्षं ते या कारखान्यात होते. बावीस वर्षांत मालकीणबाई त्यांच्याकडे पाहून एकदाही हसल्या नव्हत्या. हसण्यासारखं त्यांनी काही केलंच नव्हतं, हा त्यांचा दोष म्हणायचा का?

पट्टीमास्तर हे नाव त्यांना खिशातल्या स्टीलच्या पट्टीमुळे पडलं होतं, पण ती नसती तरी पडलंच असतं. माणूसच सरळ रेषेत आखलेला. सकाळी आठला पाच कमी असताना दारात, आठला टेबलापाशी, साडेदहाला चहा, चहानंतर हात धुणे, धुतलेले हात दहा बोटं मोजावीत तसे एकेक बोट पुसणे. शेजारच्या दुकानदाराने एकदा त्यांच्यावरून आपलं घड्याळ लावलं होतं. ही हकीकत मास्तर वर्षातून तीन-चार वेळा सांगत आणि ऐकणारे प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं करत. यापेक्षा जास्त कौतुक त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

राहिलंताईला नोकरी लागली आणि आठवड्याभरात ते नावही लागलं. कारण दर अर्ध्या तासाने ती जागच्या जागी थबकायची आणि म्हणायची, "थांबा हं, काहीतरी राहिलं." काय राहिलं ते तिला आठवेपर्यंत दुसरं काहीतरी राहिलेलं असायचं.

पण बाई वेंधळी असली तरी आळशी नव्हती. चहाच्या वेळी तिने एकदा सगळ्यांना सरळच सांगितलं होतं, की याआधी तिच्या तीन नोकऱ्या गेल्या, आणि तिन्ही ठिकाणी निघताना लोकांनी हुशार आहेस पण मनावर घेत नाहीस असं सुनावलं. "मनावर सगळंच घेते हो," ती म्हणाली. "काम येतं मला. फक्त सुरू करता येत नाही, आणि सुरू झालं की थांबवता येत नाही. मधला भाग छान जमतो." शिलाईवाल्या मावशी यावर इतक्या हसल्या की त्यांची सुई हरवली. मास्तर हसले नाहीत. सुई शोधून दिली त्यांनीच, आणि आभार मात्र मावशींनी मानले राहिलंताईचे, करमणूक केल्याबद्दल.

तर या बाईने आपल्या त्या मधल्या भागाला दोन्ही बाजूंनी टेकू लावण्यासाठी जे जे काय उभारलं होतं, ते पाहायला लोक टेबलापाशी यायचे. टेबलावर तिने एक दोरी बांधली होती आणि दोरीला कपडे वाळत घालायचे चिमटे. प्रत्येक चिमट्यात एक चिठ्ठी. आणि चिठ्ठीवर काम म्हणावं असं काम नसायचंच. 'पुठ्ठे कापणे' असं आपण लिहू. तिच्या चिठ्ठीवर 'उठणे' असायचं. पुढच्या चिठ्ठीवर 'कपाटाकडे जाणे'. त्याच्या पुढच्या चिठ्ठीवर 'कपाटाकडे का आले ते या चिठ्ठीच्या मागे बघणे'. काम झालं की चिमटा डावीकडे सरकायचा. संध्याकाळी सगळे चिमटे डावीकडे गेलेले असले की ती त्यांच्याकडे असं पाहायची, जसं एखादी बाई परीक्षेत पास झालेल्या पोराकडे पाहते. उद्या न्यायची वस्तू ती घरी बुटात घालून ठेवायची. गजर पत्र्याच्या डब्यात, तोही खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आणि गजराच्या डब्यावर तो कशासाठी वाजतोय ते लिहिलेलं, कारण पूर्वी तो नुसताच वाजायचा आणि ती घाबरून दार उघडायची.

हळूहळू बाई वेळेवर येऊ लागली. आणि मग काय विचारता. ती आठ वाजता आली की मावशी "आली बाई माझी" म्हणायच्या. मालकीणबाई आपल्या ऑफिसच्या काचेतून मान डोलवायच्या. निवृत्तीला आलेले म्हातारे फोरमन तर एकदा चक्क टाळ्या वाजवून मोकळे झाले. आठला पाच कमी असताना आलेले पट्टीमास्तर हे सगळं आपल्या टेबलापाशी उभं राहून पाहत, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला जाई. आजारी माणूस उठून चार पावलं चालला की घरभर आनंद, आणि जो जन्मभर चालतोय त्याला कुणी विचारत नाही, असा हा न्याय.

घरी जाऊन त्यांनी हे बायकोपुढे मांडलं. मांडायला नको होतं. बायकोने चिमट्यांची माहिती बारकाईने विचारून घेतली, आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीला दोरी. मास्तरांनी विचारलं, की माझी बावीस वर्षांची शिस्त तुला कधी उचलावीशी वाटली नाही, आणि त्या बाईचे चिमटे दोन दिवसांत?

"तुमचं कधी काही राहतच नाही," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "मग तुमची आठवण कोण काढणार?"

त्या रात्री मास्तर जेवले, पण चवीने नाही.

अशात म्हाताऱ्या फोरमनची निवृत्ती जाहीर झाली. महिनाअखेरीला त्यांची जागा रिकामी होणार. ही जागा म्हणजे नुसतं पद नव्हे. तीन बाजूंनी काच असलेली केबिन आणि हात टेकायला हात असलेली खुर्ची. त्या खुर्चीवर मास्तरांचा किती वर्षं डोळा होता हे त्यांनाच ठाऊक. एका रविवारी कारखाना उघडून, कुणी नाही असं पाहून, त्यांनी केबिनमधलं टेबल पट्टीने मोजूनही घेतलं होतं. इतकी वर्षं ही जागा आपलीच असं ते धरून चालले होते. पण आता ऑफिसातून मालकीणबाईंची नजर निघाली की ती आधी दोरीवर थांबायची, मग त्यांच्यावर यायची. कधी कधी यायचीच नाही.

याच दिवसांत त्यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. ते चहाला उठले की राहिलंताई उठायची. ते हात धुवायला गेले की ती मागे उभी. त्यांनी बाही दुमडली की समोर बाही दुमडली जायची. मास्तरांना वाटलं, बाई आपली नक्कल करते आहे. दोन दिवस त्यांनी सहन केलं, तिसऱ्या दिवशी नळापाशी तिला विचारलंच.

"नक्कल नाही हो मास्तर," ती म्हणाली. "मी घड्याळ बघतच नाही. तुम्हाला बघते. घड्याळात नुसते किती वाजले ते कळतं, आता काय करायचं ते कळत नाही. तुमच्याकडे बघितलं की दोन्ही कळतं. म्हणून तर पहिल्याच आठवड्यात टेबल समोर मागून घेतलं."

हे ऐकून मास्तर सुखावले. चांगले तासभर सुखावले. मग जेवणाचा डबा उघडता उघडता त्यांच्या डोक्यात हिशेब बसला आणि घास हातातच राहिला. म्हणजे ती वेळेवर येते ते यांच्यामुळे. तिचं काम पुरं होतं ते यांच्यामुळे. टाळ्या पडतात त्या यांच्या शिस्तीला, आणि घेते ती. आपल्याच अंगणातली फुलं तोडून शेजारणीने वेणी करावी, आणि गावाने वेणीचं कौतुक करावं, तसला हा प्रकार. आणि वर केबिनही तिलाच मिळणार, यांच्याच जोरावर.

तिला बघायचंच आहे ना, मास्तरांनी ठरवलं, मग बघू दे.

आता इथे जुळणी म्हणजे काय ते सांगायला हवं. छापून आलेला मोठा कागद घडी घातला की सोळा पृष्ठांचा एक फर्मा होतो. त्या वेळी कारखान्यात एक रहस्यकादंबरी आली होती, चौदा फर्म्यांची. लांब टेबलाभोवती चौदा ढीग मांडायचे आणि टेबलाभोवती फिरत एकेका ढिगातला एकेक फर्मा उचलायचा. एक घेतला, त्याखाली दोन, दोनाखाली तीन, असं चौदापर्यंत. की एक प्रत जुळली. ती शिलाईला द्यायची आणि पुन्हा फेरी. मास्तर पुढे, राहिलंताई चार ढीग मागे, असा त्यांचा रोजचा प्रदक्षिणेचा रिवाज.

गुरुवारी सकाळी मास्तरांनी चौदापासून सुरुवात केली आणि उलटे फिरू लागले.

बेत बारीक होता. उलटं फिरायचं तर पुढचा फर्मा खाली न घालता वर ठेवायला हवा. चौदावर तेरा, तेरावर बारा. मास्तर तसं ठेवणार. राहिलंताई त्यांच्या मागून उलटी फिरणार, पण हाताच्या सवयीने खालीच घालत राहणार, आणि तिच्या सगळ्या प्रती शेवटाकडून सुरू होणार. मास्तरांच्या सरळ, तिच्या उलट्या. मग बघू टाळ्या कोण वाजवतं.

"आज उलटं का हो, मास्तर?" तिने विचारलं.

"पद्धत आहे एक," मास्तर म्हणाले.

तिने मान डोलवली, त्यांचे हात नीट पाहून घेतले, जाऊन एक चिठ्ठी लिहिली, 'आज वर ठेवणे', आणि ती चिमट्याने सरळ आपल्या बाहीला लावली. मास्तरांना जरा धसका बसला. पण बाहीवरची चिठ्ठी किती वेळ वाचेल, असा विचार करून ते चालू लागले.

त्यांच्या बेतात एक गोष्ट राहिली होती. राहिलंताईच्या हातांना सवय नावाचा प्रकार लागतच नसे. नऊ महिने जुळणी करूनही ती प्रत्येक फर्म्याला ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटायची, आज पहिलाच दिवस असल्यासारखी. "चौदावर तेरा, तेरावर बारा," ती पुटपुटत चालली होती आणि अगदी तसंच ठेवत होती. सवय होती ती मास्तरांच्या हातांना, बावीस वर्षांची, लोखंडासारखी. आणि त्या दिवशी मास्तरांचे डोळे आपल्या हातांवर नव्हतेच. ते मागे वळून वळून तिच्या हातांकडे पाहत होते, आता चुकेल, मग चुकेल. पहिल्या बारा प्रती त्यांनी वर ठेवल्या. तेराव्या प्रतीला ती काही केल्या चुकत नाही या रागात ते पुरते बुडाले, आणि त्यांच्या हातांनी आपापलं जुनं काम सुरू केलं. खाली, खाली, खाली.

तपासणीच्या वेळी मास्तरांच्या प्रती कुणी तपासत नसे. तसं कधी ठरलं नव्हतं, पण कोण तपासणार?

दुपारी शिलाईवाल्या मावशींनी सुई खाली ठेवली. मावशींना शिवता शिवता पुस्तक वाचायची खोड होती. एका प्रतीतलं पान, मग पुढच्या प्रतीतलं पान, असं त्यांचं वाचन चाले. त्यांनी पहिलं पान उघडलं होतं आणि पहिल्याच ओळीत इन्स्पेक्टर जमलेल्या मंडळींना सांगत होता, की खून माळ्यानेच केला.

"मास्तर," मावशी लांबूनच म्हणाल्या, "खुनी कोण ते पहिल्याच पानावर सांगून टाकलंय. लेखकाचं डोकं फिरलंय की आपलं कुणाचं?"

कारखाना गोळा झाला. शिवलेल्या ऐंशी प्रती निघाल्या, त्यातल्या अठ्ठावीस उलट्या. ढिगात आणखी शंभरावर. दोघांच्या प्रती एकत्र मिसळलेल्या होत्या, त्यामुळे कुठली कुणाची हे सांगता येत नव्हतं. पण सांगायची गरजही कुणाला वाटली नाही. सगळ्यांच्या माना आपोआप दोरीकडे वळल्या. आणि राहिलंताई तर मागे-पुढे न बघता म्हणाली, "माझंच काहीतरी राहिलं असणार."

मास्तर गप्प राहिले. त्यांना कळून चुकलं होतं. बोटांना तर आधीच कळलं होतं. महिना संपायला दहा दिवस होते.

राहिलंताईने दोरीच्या अगदी उजव्या टोकाची एक मळकी चिठ्ठी काढली. तिच्यावर 'चुकलं तर' असं होतं आणि खाली चार ओळी: खाली बसणे. पाणी पिणे. किती ते मोजणे. आजच सांगणे. ती बसली, पाणी प्याली, प्रती मोजायला लागली, आणि मालकीणबाई ऑफिसातून बाहेर आल्या तेव्हा उभी राहून तिने आकडा सांगितला. एकशे बावन्न. त्यातल्या शिलाई झालेल्या अठ्ठावीस उसवाव्या लागतील, बाकीच्या नुसत्या उलटवता येतील, संध्याकाळपर्यंत होईल. मी थांबते.

मालकीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं कधीकधी," त्या म्हणाल्या. आणि वर हसल्या.

तो हात त्या खांद्यावर पडला आणि मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षांत त्यांनी एक चूक केली. एकच. इतकी मोठी, इतकी पुरी, आणि तीसुद्धा तिच्या नावावर गेली. वर खांद्यावर हातही तिलाच.

"ती चूक माझी आहे," मास्तर म्हणाले.

कुणी लक्ष दिलं नाही. मावशी म्हणाल्या, की मास्तरांचं मन मोठं, बाईला पाठीशी घालतायत. मालकीणबाईंनी त्यांच्याकडे इतक्या आदराने पाहिलं की दुसऱ्या कुणाला तो पुरला असता. म्हाताऱ्या फोरमनने डोळ्यांनी खूण केली: बस, आता काही बोलू नका. तिथे थांबले असते तर चूकही तिची आणि मोठं मनही यांचं, असं दोन्ही पदरात पडत होतं. पण मास्तरांना मोठं मन नको होतं. त्यांना त्यांची चूक हवी होती.

"माझीच आहे," ते म्हणाले. "सिद्ध करून देतो."

आणि त्यांनी दिली. भर कारखान्यात चौदापासून उलटी फेरी मारून दाखवली, हात कसा खाली गेला ते दाखवलं, आणि मग राहिलंताईला फेरी मारायला लावली. तिने "चौदावर तेरा" पुटपुटत एक प्रत जुळवली. मावशींनी ती उघडली. पहिल्या पानावर खून अजून झालाच नव्हता. तरी काहींची खात्री पटेना, तेव्हा मास्तरांनी कागदावर खळीचा बोटांचा ठसाही शोधून काढला. अंगठ्याचा, आडवा, तसा कागद फक्त तेच धरत. इतक्या मेहनतीने त्यांनी आयुष्यात कशाचीच बाजू मांडली नव्हती.

"पण उलटे फिरलात कशाला?" मालकीणबाईंनी विचारलं.

मास्तरांनी खिशातली पट्टी अर्धी बाहेर काढली. कारखाना उत्तराची वाट पाहत होता.

"पद्धत आहे एक," राहिलंताईने त्यांच्या वतीने सांगितलं, अगदी मनापासून.

मालकीणबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे, आणि त्यांना काय समजायचं ते समजलं. त्या वळल्या. परत ऑफिसात गेल्या.

मास्तर उभेच होते. आता पुढे काय करायचं हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. इथवर ते कधी आलेच नव्हते. हात लोंबकळत होते. पट्टी खिशातून अर्धी बाहेर आली होती. राहिलंताईने ती मळकी चिठ्ठी चिमट्यासकट त्यांच्या बाहीला लावली आणि म्हणाली, "पहिली ओळ वाचा फक्त. बाकीचं नंतर." मास्तर खाली बसले. तिने पाण्याचा पेला पुढे केला. मग दोघांनी मिळून प्रती उसवायला घेतल्या, आणि ती समोर बसून मास्तर जसं करतायत तसं करत होती, की ती करतेय तसं मास्तर करत होते, हे त्या दिवशी सांगता आलं नसतं. या चिठ्ठीचाही मास्तरांना हेवा वाटला. एवढी मळलेली होती ती, एवढी वापरलेली. त्यांच्याकडे असं काही नव्हतं.

शनिवारी फोरमनचं नाव जाहीर झालं. राहिलंताई. मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, की कारखान्यात चुका रोज होणार, आणि झाल्यावर काय करायचं ते जिला ठाऊक आहे तिला केबिनमध्ये बसवलेलं बरं. जाताना म्हाताऱ्या फोरमनने मास्तरांच्या कानात सांगितलं, की बुधवारपर्यंत कागदावर त्यांचंच नाव होतं. हे त्यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

राहिलंताई केबिनमध्ये दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी तिने काचेवर टकटक करून मास्तरांना बोलावलं. आत येऊन समोर बसा म्हणाली, इथून तुम्ही नीट दिसत नाही, दोन दिवस मी चहाच प्यायले नाही. मास्तरांनी मानाने नकार द्यायचं ठरवलं होतं, शब्दही जुळवले होते. पण साडेदहा वाजत आले होते, आणि ही बाई आपण उठल्याशिवाय उठणार नाही हे त्यांना दिसत होतं. ते आपलं टेबल उचलून आत गेले. हात असलेली खुर्ची तिच्याकडे, बिनहाताची यांच्याकडे. लोक केबिनकडे बोट दाखवून नव्या फोरमनची शिस्त बघा म्हणायचे, आणि समोरच्या खुर्चीत मास्तर चहाचा पेला ठरल्या वेळी, ठरल्या जागी, जरा जोरातच आपटायचे.

अकरा महिन्यांनी मालकीणबाईंनी जुळणीचं यंत्र घेतलं. ते ठेवायला जागा हवी होती म्हणून केबिन पाडली, आणि फोरमनचं पद बंद झालं.